आठ आठवडे म्हणजे आठ आठवडे

रोसेन्दा पालोमार दिसायच्या आधी ऐकू यायची. इलोइलोतल्या एका जुन्या छातीच्या दवाखान्यात, मागच्या अंगाला, जंतू वाढवायची प्रयोगशाळा होती आणि तिथे ती सव्वीस वर्षं होती. उंची जेमतेम पावणेपाच फूट, पण आवाज धक्क्यावरच्या हमालाला गप्प करील असा. सगळे तिला नांग सेन्दा म्हणत. तिकडे थोरल्या बाईला नांगच म्हणतात. पण तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले डॉक्टरही तिला नांगच म्हणायचे, कारण दुसरं काही म्हणून बघायची कुणाची हिंमत नव्हती.

तिचा राग ठरलेल्या माणसांवर असायचा. 'झालं का?' विचारणाऱ्यांवर.

"झालं का, नांग?" खिडकीशी एखादा तरुण टोपी चुरगळत विचारायचा.

"काय झालं का? भात टाकलाय का मी चुलीवर?"

"नाही, ते... बाबांची थुंकी दिली होती गेल्या सोमवारी."

"गेल्या सोमवारी! आणि आज सोमवारच आहे ना? अरे, आठ आठवडे लागतात. आठ आठवडे म्हणजे आठ आठवडे. जंतू काय तुझ्या बापाचे नोकर आहेत?" मग स्वतःच थांबून म्हणायची, "बरं, तुझ्या बापाचेच आहेत म्हणा. पण नोकर नाहीत."

पोरगा हसायचा. निम्मा घाबरून, निम्मा खरोखर. मग ती त्याला बाकावर बसवून सगळं सांगायची, कारण राग कितीही आला तरी समजावल्याशिवाय माणूस परत पाठवायचा नाही, अशी तिला खोड होती. जुलाबाचा जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतो, सांगायची. सकाळी सातला एक असला तर दुपारच्या जेवणापर्यंत तीस हजारांवर जातो. आणि क्षयाचा? वीस तास! वीस तासांत एकाचे दोन, पुढच्या वीस तासांत दोनाचे चार. अंगावर मेणाचं जाड पांघरूण, त्यातून खाणं आत झिरपायलाच वेळ. आत जी काय दोरी असते, तिची नक्कल उतरवून घ्यायलाही त्याला निम्मा दिवस पाहिजे. असं वीस वेळा दुप्पट झालं की दहा लाख होतात, तेव्हा कुठे डोळ्यांना मोहरीएवढा ठिपका दिसतो. औषधाचा मार खाल्लेला जंतू असला तर आधी नुसताच पडून राहतो. म्हणून आठ आठवडे. झटपट निकाल सांगणारी यंत्रं तेव्हा यायची होती, आणि आली असती तरी नांग सेन्दाने त्यांच्यावर विश्वास ठेवला नसता.

एकोणिसाव्या वर्षी ती इथे काचसामान धुवायला लागली होती. पदवी नाही, काही नाही. त्या वेळच्या म्हाताऱ्या बाई डॉक्टरने तिला हाताला धरून शिकवलं. नळीत जे हिरवं खाद्य घालून जंतू वाढवतात, ते अंड्यांचं असतं. अंडी साबणाने घासायची, स्पिरिटमध्ये बुडवायची, फोडायची, ढवळायची, गाळायची, त्यात हिरवा रंग आणि क्षार घालायचे, नळ्यांत भरायचं आणि नळ्या तिरप्या ठेवून गरम पेटीत वाफेवर घट्ट करायच्या. एका खेपेला दीडशे अंडी. नवरा एर्निंग सायकलरिक्षा चालवायचा. तो म्हणायचा, "माझी बायको रोज शंभर अंडी फोडते आणि घरी मला एक ऑम्लेट मिळत नाही. आमच्याहून ते जंतू नशीबवान."

"तू वीस तासांत एकदा जेवायला तयार हो, तुलाही रोज अंडं देईन," ती म्हणायची.

अंडी पाविया गावचा म्हातारा ताय अम्बो आणायचा. गावठी कोंबड्यांची, लहानमोठी, मळकी, कुठे कुठे शेण लागलेली. ती घासताना नांग सेन्दा म्हाताऱ्याला लाखोली वाहायची, पण दुसऱ्या कुणाची अंडी तिने कधी दारात येऊ दिली नाहीत. कारण त्या कोंबड्या अंगणात किडे वेचून खायच्या, आणि आजारी पडल्या तर मरायच्या. त्यांना औषध कुणी देत नव्हतं.

मग डॉक्टर एस्पेहो आले.

डॉक्टर वाईट होते असं नाही. हीच तर चीड आणणारी गोष्ट होती. वाईट माणसाला चार शिव्या घालून मोकळं होता येतं. हे चौतिशीतले, मनीलाहून शिकून आलेले, नम्र, इस्त्रीच्या शर्टाचे. कपाटं पुसून घेतली, नोंदवह्यांना नवी वेष्टणं घातली, आणि एका सकाळी ताय अम्बोची टोपली बघून नाक मुरडलं.

"नांग, ही अंडी आपण यापुढे घ्यायची नाहीत. मी मोठ्या पोल्ट्रीशी बोललोय. एकसारखी, स्वच्छ, ट्रेमध्ये येतील."

"त्या कोंबड्यांना औषध देतात का, दोक?"

"त्यांनी लिहून दिलंय, देत नाहीत म्हणून."

"लिहून कोंबडीने दिलंय का?"

डॉक्टर हसले. त्यांना वाटलं बाई विनोद करतेय. ताय अम्बोने टोपली डोक्यावर घेतली, कुणाला काही बोलला नाही, आणि पुढच्या आठवड्यात मुलीकडे आंतिकेला निघून गेला.

नव्या अंड्यांचं खाद्य झालं. दिसायला देखणं, एकाही नळीत बुडबुडा नाही. आता रीत अशी होती की नवी खेप झाली की तिच्यातल्या चार नळ्यांत प्रयोगशाळेने पाळलेला जुना, माहितीतला, धडधाकट जंतू पेरायचा. तीन आठवड्यांत तो उगवला की मगच ती खेप रोग्यांसाठी वापरायची. तोवर थांबायचं. ही म्हाताऱ्या बाई डॉक्टरची रीत, आणि नांग सेन्दाने ती इतकी वर्षं मोडली नव्हती.

"पण नळ्या संपल्यात, नांग," डॉक्टर म्हणाले. "बर्फात पंचेचाळीस रोग्यांचे नमुने पडलेत. तीन आठवडे ठेवले तर त्यांतले बरेच जंतू मरतील. दोन्ही एकदमच लावू या ना. तीन आठवड्यांनी कळेलच की."

ती भांडली. पाऊण तास भांडली. आणि मग, दुपारचे दोन वाजले होते, पाठ दुखत होती, पंचेचाळीस बाटल्या समोर होत्या, आणि डॉक्टरांचं म्हणणं निम्मं तरी खरं होतं, म्हणून ती म्हणाली, "लावा." नोंदवहीत 'खाद्य तपासले, योग्य' असा रकाना होता. त्यात तिने सही केली. तपासलं नव्हतं. सही केली.

पुढे कित्येक महिने ती सही आठवली की ती हातातलं भांडं आपटायची.

त्या पंचेचाळीसांत एक नमुना निमियाचा होता.

निमिया गिमारास बेटावरची शाळामास्तरीण, एकोणतीस वर्षांची. साधी औषधं तिच्या जंतूंना लागू पडली नव्हती, म्हणून चौदा महिने ती वॉर्डात होती. मुलगी झाली आणि तिसऱ्या दिवशी हिला इथे आणलं. मुलीचं नाव मायूमी. दर रविवारी नवरा आबुन बोटीने तिला घेऊन यायचा आणि कुंपणाच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला उभा राहून तिला वर धरायचा. अलीकडून निमिया हात हलवायची. मुलीला वाटत असेल, ही बाई येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनाच हात हलवते.

निमियाला सगळं समजून घ्यायचं असायचं. दुपारी ती प्रयोगशाळेच्या पायरीवर येऊन बसायची आणि वर्गात फळ्यावर मांडावीत तशी गणितं करायची. नांग सेन्दाने तिला एकदा सांगितलं, आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, आणि तांबड्या रक्ताची एकेक पेशी चार महिने जगते आणि मोडते. निमियाने बोटं मोजली.

"म्हणजे चौदा महिन्यांत साडेतीन वेळा," ती म्हणाली. "तिला जन्म दिला ते रक्तच आता माझ्या अंगात नाही, नांग."

"गप्प बस. इबोस खा," नांग सेन्दा म्हणाली आणि नारळाच्या रसात शिजवलेला भात तिच्यापुढे ढकलला. नाक मात्र तिलाच पुसावं लागलं.

निमियाच्या थुंकीत जंतू दिसायचे केव्हाच थांबले होते. आता राहिली होती ही शेवटची नळी. आठ आठवडे काही उगवलं नाही, की निमिया घरी. मुलीला हातात घ्यायला मोकळी.

तीन आठवडे झाले. नांग सेन्दाने इन्क्युबेटर उघडला आणि पाळलेल्या जंतूच्या चार नळ्या उजेडात धरल्या. हिरव्यागार. एक ठिपका नाही.

ती तशीच डॉक्टरांकडे गेली. "दोक, उगवला नाही."

"नांग," डॉक्टर समजुतीने म्हणाले, "तुम्हीच सगळ्यांना सांगता ना, त्यांना वेळ द्या म्हणून? जरा धीर धरा."

तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. सव्वीस वर्षं जे वाक्य ती लोकांच्या तोंडावर मारत आली, ते कुणीतरी उचलून तिच्याच तोंडावर मारलं होतं, आणि तेही गोड हसून! ती नळ्या घेऊन तरातरा बाहेर पडली.

चौथ्या आठवड्यात तिने पंचेचाळीस रोग्यांच्या दोनदोन मिळून नव्वद नळ्या एकेक करून पाहिल्या. सगळ्या कोऱ्या. सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. पंचेचाळीसांत आठ-दहांच्या नळ्यांवर तरी पिवळसर खरबरीत ठिपके यायचेच. तिकडे वॉर्डात मात्र आनंदीआनंद. नव्या डॉक्टरांच्या हाताला यश आहे, असं परिचारिका बोलू लागल्या. कुणीतरी बातचोयचं, शेवयांच्या गरम सुपाचं, पातेलं मागवलं. डॉक्टर लाजत लाजत वाडगा घेऊन उभे होते.

"खा, नांग!"

"मला भूक नाही," ती म्हणाली. "आणि तुम्हीही जरा बेतानेच खा."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती गावोगाव जाणाऱ्या जीपनीने पोल्ट्रीवर गेली. गिऱ्हाईक म्हणून. पत्र्याच्या लांबच लांब शेड, आत हजारो पांढऱ्या कोंबड्या. देखरेखीला पन्नाशीचा एक बोलका गडी होता.

"काय तब्येती आहेत रे एकेकीच्या!" नांग सेन्दा म्हणाली. "माझ्याकडे दहा होत्या, त्यांतल्या चार गेल्या पावसात मेल्या."

"आमच्याकडे एक मरत नाही, नांग," गडी छाती फुगवून म्हणाला. "हे बघा, पाण्यात टाकतो. रोज. आजारी असो नसो. शिंकायचीसुद्धा हिंमत नाही त्यांची."

त्याने बाटली हातात दिली. नांग सेन्दाने लांब धरून वेष्टणावरची बारीक अक्षरं वाचली. ज्या कुळातलं औषध वॉर्डात शेवटचा उपाय म्हणून कुलपात ठेवलेलं असतं, त्याच कुळातलं. कोंबडीच्या पोटातून अंड्यात, अंड्यातून नळीत. शिजवून न मरणारं. जंतू बिचारे जेवायला बसायचे आणि पहिल्या घासालाच विष.

"अंडी किती देऊ?" गड्याने विचारलं.

"तुझ्या मालकाच्या डोक्यावर फोडायला किती लागतील तेवढी," ती म्हणाली आणि चालू लागली. गडी हसत राहिला. त्याला वाटलं, शहरातली बाई आहे, थट्टा करतेय.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. चेहरा उतरला, हे तिने पाहिलं. पण ते म्हणाले, "नांग, एका गड्याच्या बोलण्यावर मी पंचेचाळीस निकाल थांबवू? पोल्ट्रीवाल्यांनी सहीशिक्क्याने लिहून दिलंय. तुम्ही पुरावा आणा. जुन्या अंड्यांवर तोच जंतू वाढवून दाखवा."

"मग तोवर कुणाला सोडू नका."

"आठ आठवडे भरले की नियमाने सोडावंच लागतं. नियम तुमचाच आहे."

आता जुनी अंडी आणायची कुठून? ताय अम्बो आंतिकेत. नांग सेन्दा आपल्या आळीत दारोदार हिंडली. ज्यांच्याशी तिचं वर्षानुवर्षं भांडण होतं त्यांच्याही दारात गेली. "कोंबडीला काय घालतेस? खरं सांग. शपथ घे. कसली पावडर? गोळी? तुझ्या नवऱ्याच्या खोकल्याची गोळी तर घातली नाहीस ना उरलेली?" बायका पदर, नव्हे, झगे खोचून भांडायला उठल्या. एकीने तिला हाकलून दिलं. एर्निंगने सायकलरिक्षा घेऊन तीन वस्त्या पालथ्या घातल्या आणि संध्याकाळी टोपलीत अंडी आणली. "माझ्या सासूकडेही एवढ्या चौकशा करून मी मुलगी मागितली नव्हती," तो म्हणाला. या सगळ्यात नऊ-दहा दिवस गेले. तेवढ्या दिवसांत जुलाबाच्या जंतूने पृथ्वी भरून टाकली असती, खायला मिळालं असतं तर.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी, शुक्रवारी, तिने वीस नळ्यांचं खाद्य केलं. चारांत पाळलेला जंतू पेरला. आणि बर्फात ठेवलेल्या निमियाच्या नमुन्याचा उरलेला थेंब, त्यातलं काही अजून जिवंत असेल या भरवशावर, दोन नळ्यांत पेरला. इन्क्युबेटरचं दार लावलं. आता तीन आठवडे. त्याला कुणी काही करू शकत नव्हतं. राग कितीही असो, वीस तासांचे एकोणीस होत नाहीत.

तीन आठवडे निमिया पायरीवर येत राहिली. मुलीसाठी तिने टोपडं विणायला घेतलं होतं, मग लक्षात आलं की सोळाव्या महिन्यात आलेल्या मुलीचं डोकं केवढं असतं ते तिला ठाऊकच नाही. तिने उसवून मोठं विणलं. नांग सेन्दाने तिला खरं काय ते सांगायला हवं होतं. रोज सकाळी ती ठरवायची, आज सांगायचं. आणि निमियाचा चेहरा पाहिला की तोंडाला कुलूप बसायचं. जिच्या आवाजाने दवाखाना हलायचा, ती या एका मुलीसमोर मुकी झाली. पुरावा येऊ दे, मग सांगू, असं तिने स्वतःला सांगितलं. हाही भित्रेपणाच होता, आणि तिला ते कळत होतं.

आठवा आठवडा भरला त्या शुक्रवारी सकाळी सातला तिने नळ्या काढल्या. गावठी अंड्यांवरच्या पाळलेल्या जंतूच्या नळ्यांत, चारही नळ्यांत, पिवळट खरबरीत ठिपके दाटून आले होते. पोल्ट्रीच्या नळ्या शेजारी धरल्या. आठ आठवडे झाले, कोऱ्या. तोच जंतू, तीच ऊब, तेच हात. फक्त अंडं वेगळं.

निमियाच्या दोन नळ्यांत अजून काही नव्हतं. तीनच आठवडे झाले होते. त्याचा अर्थ हो नाही आणि नाहीही नाही.

गावठी अंड्यांची एक आणि पोल्ट्रीची एक, अशा दोन नळ्या मुठीत धरून ती डॉक्टरांच्या खोलीत शिरली. दार वाजवायची पद्धत असते, ती विसरली.

"बघा. डोळे आहेत ना? बघा!"

डॉक्टरांनी नळ्या खिडकीशी नेल्या. आधी एक उजेडात धरली, मग दुसरी. वळले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

"पण नांग," ते हळू आवाजात म्हणाले, "खाद्य तपासल्याची सही... नोंदवहीत तुमची आहे."

असं म्हणायला नको होतं त्यांनी.

"आहे! माझी आहे!" अख्खा मजला ऐकत होता. "गाढव आहे मी, सही केली! सव्वीस वर्षांत एकदा कुणाचं ऐकलं आणि हे झालं! काढून टाका मला, तोंडाला काळं फासून दारात उभी करा! पण ती पंचेचाळीस माणसं आधी थांबवा. त्यांची थुंकी परत घ्या. त्यांतल्या आठ-दहांच्या छातीत अजून ते जिवंत आहेत, आणि कोण ते तुम्हालाही माहीत नाही नि मलाही! सहीचं काय ते नंतर बघा, कागद कुठे पळून जात नाही!"

"निमियाचा कागद तर मी कालच..." डॉक्टर बोलता बोलता थांबले.

दारातली परिचारिका चाचरत म्हणाली, "ती गेली, नांग. अर्धा तास झाला. नवरा मुलीला घेऊन धक्क्यावर येणार होता."

एर्निंग फाटकाशी होता. ती सायकलरिक्षात उडी मारून बसली आणि म्हणाली, "धक्का." त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि विनोद केला नाही. रस्ताभर ती शिव्या घालत होती: डॉक्टरला, पोल्ट्रीला, वाहनांना, एर्निंगच्या पायांना, आणि सगळ्यात जास्त स्वतःला.

गिमारासची बोट भरत होती. निमिया फळीवर पाय ठेवून उभी होती, हातात पिशवी, अंगात निळा झगा, ओठांना रंग लावलेला. बोटीत आबुन. आणि आबुनच्या हातात मायूमी, डोक्यावर निमियाने पाठवलेलं नवं टोपडं, जरा मोठंच झालेलं. आबुन मुलीला पुढे करत होता, आणि निमियाने पिशवी खाली ठेवून दोन्ही हात उचलले होते.

"निमिया! घेऊ नकोस तिला!"

धक्का गप्प झाला. मासळीवाल्या, हमाल, बोटवाला, सगळे.

निमिया वळली. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून गेलं होतं. "नांग?"

नांग सेन्दाला धाप लागली होती. तिने सगळं सांगितलं, तिथेच, माणसांदेखत. अंडी खोटी होती. नळी खोटी होती. तुझा निकाल म्हणजे निकालच नव्हे. सही माझी आहे. आणि मला चार आठवड्यांपासून संशय होता, मी बोलले नाही.

निमिया ऐकत होती. हात अजून तसेच अर्धवट वर होते.

"म्हणजे माझ्यात आहेत?" तिने विचारलं.

"माहीत नाही."

"म्हणजे नसतीलही."

"नसतीलही. अजून पाच आठवडे. मग सांगता येईल."

"पाच आठवडे," निमिया म्हणाली. आणि तिने हात उगारला आणि नांग सेन्दाच्या थोबाडीत मारली. इतक्या जोरात की नांग सेन्दाचा चष्मा फळीवर पडला. कुणीतरी ओरडलं. एर्निंग पुढे झाला, तर नांग सेन्दाने त्याला हाताने मागे ढकललं.

"चार आठवडे!" निमिया किंचाळली. "चार आठवडे तू मला भात भरवत होतीस! माझ्याशेजारी बसून मी विणताना बघत होतीस!"

नांग सेन्दाने वाकून चष्मा उचलला.

त्या आरडाओरड्याने मायूमी रडायला लागली. आईकडे बघून नव्हे. आई तिला माहीतच कुठे होती? ती आबुनच्या मानेत तोंड खुपसून रडत होती. आबुन एकदा बायकोकडे, एकदा नांग सेन्दाकडे बघत होता. "घे ना," तो हळूच म्हणाला. "एकदाच. उघड्यावर आहोत आपण, वारा आहे. एकदा घेतल्याने काय होतंय?"

निमियाने मुलीकडे पाहिलं. हातभर अंतर होतं. टोपड्याची नाडी सुटून लोंबत होती. ती बांधायला तिचा हात थोडा पुढे गेला, आणि मग तिने तो मागे घेतला. दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले.

"मागे हो," ती आबुनला म्हणाली. "मागे हो म्हणते ना! माझ्या तोंडासमोर धरू नकोस तिला!"

आबुन दोन पावलं मागे झाला. बोटवाल्याने फळी ओढायची का म्हणून विचारलं. निमियाने फळीवरचा पाय काढून घेतला, तेव्हा त्याने ओढली.

बोट निघेपर्यंत निमिया तशीच उभी राहिली. मग वाकून तिने आपली पिशवी उचलली. नांग सेन्दाने ती घ्यायला हात पुढे केला, तो तिने झिडकारला. ती सायकलरिक्षात जाऊन बसली, अगदी एका कडेला, झगा आवरून.

"चल," ती एर्निंगला म्हणाली. "आणि हिला चालत येऊ दे."